कान पिळायचा मान

सोलापूरला निघाले तेव्हा अख्ख्या चिपळुणाने मला एकच सांगितलं, येताना चादर आण. मी तिथे भाषण करायला चालले होते, त्याचं कुणाला काही नाही! शेजारच्या काकूंनी तर रंगसुद्धा सांगून ठेवला. मी म्हटलं, "काकू, मी खरेदीला चाललेय का?" तर म्हणाल्या, "जातेच आहेस तर काय गो हरकत?"

माझी ओळख सांगते. मी केतकी, चिपळुणात माझं औषधाचं लहानसं दुकान आहे; निघताना ते धाकट्या बहिणीवर सोपवलं होतं. मी ट्रान्स बाई आहे. म्हणजे माझ्या जन्माच्या वेळी मुलगा झाला म्हणून घरच्यांनी पेढे वाटले, आणि ते पेढे चुकले हे मला शाळेत असल्यापासून कळत होतं. घरच्यांना कळायला पुढे बरीच वर्षं गेली. आता दर रविवारी मी स्वयंपाकघरात मोबाइल ओट्यावर टेकवते आणि बांगडे-सुरमई साफ करता करता लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देते. कुणी विचारतं, मुलगा मुलीसारखा वागतो, काय औषध देऊ? कुणी विचारतं, ताई, घरी कसं सांगू? औषधाच्या दुकानात उभं राहून मला एक सवय लागलेली आहे. लोक खाली मान घालून कुजबुजत विचारतात आणि मी सरळ, मोठ्याने उत्तर देते. तेच मी व्हिडिओत करते. लोकांना ते आवडतं, नाहीतर मासे आवडत असतील.

गुरुवार, जुळे सोलापूर

बोलावणं होतं प्राध्यापक सुजाता बिराजदार यांचं. तिथल्या एका कॉलेजात त्या समाजशास्त्र शिकवतात आणि जुळे सोलापूर या नव्या वसाहतीत राहतात. रुंद रस्ते, सारख्या दिसणाऱ्या इमारती, प्रत्येक फाटकापाशी स्कूटरींची रांग. मार्च नुकता लागला होता, तरी ऊन असं की सावली शोधत चालावं लागत होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात घामाने जीव नको होतो. इथे घामच येत नाही, ओठ मात्र फुटतात. सुजाताताईंनी आल्या आल्या माठातलं पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तहान लागायची वाट बघू नका हं इथं. पीत राहायचं."

जेवायला कडक भाकरी होती. ही भाकरी महिना महिना टिकते म्हणे, आणि मोडली की पापडासारखी वाजते. मी आपली कोकणातली. भात पोटात गेला नाही तर जेवण झालं असं माझं पोट मान्यच करत नाही. पण दह्यात भाकरी चुरली, वर शेंगाची चटणी आणि तेल घातलं, आणि खरं सांगते, मी भाताचं नाव काढलं नाही. चटणी चमचाभर घ्यायची असते हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मी आमच्या खोबऱ्याच्या चटणीसारखी घेतली आणि पुढचा बराच वेळ डोळे पुसत बसले.

त्यातच व्यंकटेश आला. मला वाटलं, हा मुलगा मला रडताना बघून परत जातो की काय.

व्यंकटेशला मी नावाने ओळखत होते. बरीच वर्षं तो माझ्या व्हिडिओंखाली लिहीत असे, फोटो न लावता. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे पुष्कळ कारखाने आहेत, त्यातल्या एकात तो कापड कापायचं काम करतो. इस्त्रीचा शर्ट, बारीक कापलेले केस, बोलताना सारखा घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा. तो ट्रान्स पुरुष. घरच्यांनी मुलगी म्हणून वाढवलं, पण तो मुलगा होता. दोन वर्षांपूर्वी त्याने ते घरी सांगितलं, तेव्हापासून शुक्रवार पेठेत मित्रासोबत खोली घेऊन राहतो. घर पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. घरात तेलुगू बोलतात, बाहेर मराठी.

"अक्का," तो मला म्हणाला. त्यांच्यात मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. "तुमचं भाषण लोकं ऐकतीलच की. मला एकाच माणसाची काळजी हाय."

"कुणाची?"

"नान्नाची. माझ्या वडलांची."

मग सगळं बाहेर आलं. त्याच्या धाकट्या बहिणीचं, पद्माचं, रविवारी लग्न होतं. लग्नात नवरीच्या भावाने नवऱ्या मुलाचा कान पिळायचा, 'माझ्या बहिणीला नीट सांभाळ' म्हणून दटावायचं आणि नवऱ्याने त्याला आहेर करायचा, ही रीत तुम्हा-आम्हाला माहीत आहे. "आमच्यात पूर्वी हे नव्हतं," व्यंकटेश म्हणाला. "हितं राहून राहून तुमचं घेतलं. आता आमच्या लग्नात सगळ्यात जास्त दंगा त्याचाच. पद्मा म्हणते, कान व्यंकीच पिळणार, दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार न्हाई. आणि नान्नानं भिवंडीवरनं काकाचा पोरगा बोलवून ठेवलाय. कान पिळायला!"

"आणि तू?"

"मी यायचं, पण साडी नेसून. करवली म्हणून. न्हाईतर यायचंच न्हाई." तो जरा थांबला. "मी साडी नेसणार न्हाई, अक्का. भाऊ म्हणून जाईन, न्हाईतर त्या दिवशी कारखान्यात जाईन."

मला तो दिवस डोळ्यांपुढे दिसला. बहिणीच्या लग्नाची वाजंत्री एका पेठेत वाजतेय आणि हा दुसरीकडे गणवेशाचं कापड कापतोय. वाईट तर वाटलंच, त्याहून राग आला.

"माझ्या भाषणाचा यात काय संबंध?" मी विचारलं.

"नान्ना म्हणले, त्या मासेवाल्या बाईचं ऐकून तुझं डोकं फिरलंय. येऊ दे तिला. मीच ऐकतो ती काय सांगती."

म्हणजे उद्या परीक्षा माझी होती. मला सभेत बोलायची भीती वाटत नाही. एकदा सुरू झाले की मलाच कुणीतरी थांबवावं लागतं. पण त्या दुपारी उरलेली भाकरी मी न बोलता खाल्ली, आणि सुजाताताईंनी विचारलं की बरं वाटतंय ना.

नवी पेठ

संध्याकाळी सुजाताताई म्हणाल्या, चला, तुम्हाला नवी पेठ दाखवते. कापडाची दुकानं, सोन्याची दुकानं आणि माणसांची गर्दी एवढी की रिक्षा चालतेय की ढकलली जातेय ते कळत नव्हतं. इथली पुरुषमंडळी एकमेकांशी बोलताना वाक्याच्या शेवटी 'बे' लावतात. काय बे, चल बे, सरक की बे. पहिल्यांदा मला वाटलं भांडण चाललंय. सुजाताताई हसल्या. "प्रेमानं म्हणतात हो. पण फक्त बाप्यांना, आणि आपल्या माणसालाच."

रिक्षावाले सलीमभाई आरशातून माझ्याकडे सारखे बघत होते. अशा नजरेची मला सवय आहे, मी तोंड उघडणारच होते, तेवढ्यात ते म्हणाले, "मॅडम, तुम वो मच्छी वाले मॅडम हैं ना?"

"हो."

"हौ! मैं बोला ना! मेरी बीवी सब व्हिडिओ देखती तुम्हारे. सुरमई काटना वहींच से सीखी."

"और बाकी का जो बोलती मैं, वो सुनती क्या?"

"सुनती ना. पर पैले मच्छी."

घ्या! इतकी वर्षं घसा फोडतेय आणि सोलापुरात माझी कीर्ती सुरमईवर उभी. पण उतरताना ते हळूच म्हणाले की त्यांच्या मेव्हणीचा मुलगा आहे एक, मुलीसारखा वागतो म्हणून सगळे मारतात त्याला, आता त्यांची बायको मध्ये पडते. मी त्यांना दुसऱ्या दिवशी भाषणाला या म्हटलं. ते म्हणाले, धंद्याची वेळ आहे, पण बायकोला तिथे आणून सोडीन.

इकडे सुजाताताईंचं काहीतरी चाललेलं होतं. साडीच्या दुकानापुढे थांबून म्हणाल्या, "तुम्हाला साड्या आवडतात?" मी अंगावरच्या साडीकडे बघितलं आणि म्हटलं, "हो." पुढच्या दुकानाशी म्हणाल्या, "आणि शाली?" मग चादरींच्या दुकानाशी त्यांनी मला बाहेरच उभं केलं आणि आत जाऊन कुणाशी तरी फोनवर बराच वेळ वाद घातला. मी आपली बाहेर उसाचा रस प्यायले. शेंगाची चटणी घेतली, काकूंच्या रंगाची चादर बघून ठेवली आणि बघूनच सोडली.

शुक्रवार, कॉलेजचं सभागृह

सभागृह भरलेलं होतं. पुढे विद्यार्थी, मग बायका, मागे भिंतीशी उभे राहिलेले लोक. माझं भाषण माझ्या चॅनेलवर थेट दाखवायचं होतं. त्यासाठी एक विद्यार्थिनी तिवईवर मोबाइल लावून बसली होती. तिला मी दोनदा बजावलं, मोबाइल फक्त माझ्याकडे ठेव, समोरच्या लोकांकडे अजिबात फिरवू नकोस. कोण कुणाला न सांगता आलं असेल ते आपल्याला माहीत नसतं. ती म्हणाली, "हो मॅडम, माहितेय."

दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर पांढरा शर्ट, पायजमा आणि खांद्यावर टॉवेल असे एक गृहस्थ बसले होते. खुर्चीच्या अगदी कडेला, उठून जायच्या बेतात असल्यासारखे. व्यंकटेशने लांबून मला डोळ्यांनी खूण केली. हे नरसय्या, त्याचे वडील. टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करतात. बापलेक एकाच सभागृहात, पण मध्ये सगळ्या खुर्च्या.

आधी सत्कार. आपल्याकडे पाहुणा आला की पुरुषाला शाल-श्रीफळ आणि बाईला साडी आणि खणानारळाची ओटी, हे ठरलेलं असतं. टेबलावर बघते तर दोन्ही तबकं! एकात शाल, एकात साडी आणि खण. प्राचार्य सुजाताताईंकडे बघतायत, सुजाताताई स्वागत समितीतल्या दुसऱ्या बाईंकडे. शेवटी प्राचार्यांनी टेबलाखालून एक भलीमोठी सोलापुरी चादर काढली आणि माझ्या हातात ठेवली. टाळ्या पडल्या. दोन्ही तबकं तशीच मागे गेली.

कालचा नवी पेठेतला फोन मला आत्ता कळला. हसू आवरेना. मी माईक घेतला.

"चादरीबद्दल आभार. चिपळूणच्या आमच्या शेजारणीचं काम झालं. पण मला एक सांगा, या चादरीसाठी किती मीटिंगा झाल्या?"

मागून कुणीतरी ओरडलं, "तीन!" सगळे हसले, प्राचार्यसुद्धा.

"तीन मीटिंगा! आणि माझा फोन नंबर सुजाताताईंकडे होता. मला एक फोन केला असता, 'केतकीताई, ओटी भरू की शाल देऊ?' मी सांगितलं असतं, ओटी भरा बाई, खण कुणाला नको असतो? तुमचं मन चांगलं आहे, मला दिसतंय. मला दुखवू नये म्हणून तुम्ही एवढं केलंत. पण आमच्यासारख्यांच्या घरात हेच होतं. आई मीटिंग घेते, बाप मीटिंग घेतो, काका-मामा मीटिंग घेतात. पोरगं शेजारच्या खोलीत बसलेलं असतं आणि त्याला कुणी विचारत नाही. बाकी काही जमलं नाही तर एवढंच करा. विचारा."

सुजाताताई खुर्चीवरून उठल्या, ते खणाचं तबक घेऊन आल्या आणि भर भाषणात माझी ओटी भरली. त्या हळद-कुंकू लावत होत्या आणि माझे डोळे भरून आले. ओटी काय मला पहिल्यांदा मिळत नव्हती, पण ते तबक परत जाताना मी बघितलं होतं.

मग मी बोलले, आणि चांगली बोलले. खोटी नम्रता कशाला? ट्रान्स म्हणजे काय, तो आजार नाही, त्यावर अंगारा नाही आणि लग्न लावून देणं हा तर उपाय नाहीच नाही, हे सगळं सांगितलं. प्रश्न आले. एका मुलीने विचारलं, वर्गातली मैत्रीण आता मित्र म्हणायला सांगते, जुनं नाव तोंडात येतं, काय करू? मी म्हटलं, चुकलं तर सॉरी म्हण आणि पुढे चल, अर्धा तास माफी मागत बसलीस तर त्यालाच तुझी समजूत काढावी लागेल. एका आजोबांनी विचारलं, हे मोबाइलमुळे वाढलंय का? मी म्हटलं, आजोबा, माझ्या लहानपणी आमच्या घरी रेडिओसुद्धा बंद पडलेला होता.

आणि मग दाराजवळचे नरसय्या उभे राहिले. टॉवेल हातात घेऊन, दोन्ही टोकं धरून.

"एक विचारू का ताई?"

"विचारा ना."

"तुमी म्हणताव विचारा. विचारलं, समजा. त्यानं सांगितलं, आपुन ऐकलं. पण चार लोकांत लोकं हसले तर काय करायचं? तुमचं बोलणं हितं ठीक हाय. मांडवात लोकं हसले तर?"

व्यंकटेश मान खाली घालून बसला होता. मला ठाऊक होतं की मला तयार उत्तर द्यायचं नाही. व्हिडिओत मी पुष्कळ वेळा म्हटलेलं आहे, लोकांकडे दुर्लक्ष करा. त्या माणसाला ते सांगून चाललं नसतं.

"काका," मी म्हटलं, "माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मी नवऱ्या मुलाचा कान पिळला होता. तेव्हा घरात मी अजून मुलगा होते ना! मला शेरवानी घातली, फेटा बांधला आणि पुढे ढकललं, जा, भाऊ आहेस, कान पिळ. मला नेसायची होती नऊवारी. मला करवली व्हायचं होतं, बहिणीच्या मागे कलश घेऊन उभं राहायचं होतं. मी सगळा राग त्या बिचाऱ्याच्या कानावर काढला. अजून माझे भावजी मला बघितलं की आधी कान झाकतात."

लोक हसले. नरसय्या हसले नाहीत.

"सगळं रीतीप्रमाणे झालं, काका. एक माणूस हसलं नाही. सगळे म्हणाले, काय छान भाऊ आहे! आणि पंगती उठत होत्या तेव्हा मी मांडवामागच्या न्हाणीघरात आतून कडी लावून रडत होते. बहीण मला शोधत होती, निघायची वेळ झाली म्हणून. मी बाहेर आलेच नाही. माझी बहीण मला न भेटता सासरी गेली. लोक हसले नाहीत, म्हणून सगळं नीट झालं असं होत नाही हो. तुम्ही विचारलंत ना, मांडवात हसले तर? हसतील, काहीजण नक्की हसतील. पण तुमचं मूल कुठे असावं, तुमच्याजवळ मांडवात की कुठेतरी कडी लावून, एवढं तुमच्या हातात आहे."

मला आणखी बोलायचं होतं. तेवढ्यात फोन वाजला. नरसय्यांच्या खिशातला, मोठ्याने, देवाच्या गाण्याची धून. त्यांनी घाबरून तो कानाला लावला. पलीकडचा माणूस एवढा ओरडत होता की मधल्या रांगांना ऐकू जात होतं. ते तेलुगूत दोन शब्द बोलले, फोन खिशात ठेवला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि बाहेर निघून गेले.

काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. मोबाइलपाशी बसलेल्या त्या मुलीने, बातम्यांत दाखवतात तसं, प्रश्न विचारणाऱ्याकडे मोबाइल फिरवला होता. भिवंडीचा काका घरबसल्या हे सगळं बघत होता; कुणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिंक टाकलेली होती. 'लग्न तोंडावर आलंय आणि तू तिथं काय करतोस' असं तो विचारत होता.

मी भडकले. एवढं बजावलं होतं! पण पोरगी रडायलाच लागली, मग काय बोलणार? मी थेट प्रक्षेपण बंद केलं, तो व्हिडिओ चॅनेलवरून काढला. पण ज्याला बघायचं त्याने बघितलं होतं. व्यंकटेश माझ्याजवळ आला, पांढराफटक पडून.

"वडील फोनवर काय म्हणाले रे?" मी विचारलं.

"'नंतर बोलतो' म्हणले, एवढंच," तो म्हणाला. "संपलं, अक्का. आता काका-बिका सगळे मिळून त्यांना खातील. जाऊ दे. मी रविवारी कामावर जातो."

त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मी चिपळुणात मासे साफ करत बसले असते तर बरं झालं असतं. सलीमभाईंची बायको मला भेटायला आली, हात धरून खूप बोलली, आणि मी काय उत्तरं दिली ते मला आज आठवत नाही.

शनिवार, पूर्व भाग

माझी परतीची गाडी शनिवारी संध्याकाळची होती. सकाळी व्यंकटेशचा फोन आला. आवाज विचित्र. "अक्का, नान्नानं बोलावलंय. तुम्हाला आणि मला. जेवायला."

"रागावलेत का?"

"ते काय बोलत न्हाईत. पद्माचा फोन होता. ती म्हणाली, या फक्त."

सलीमभाईंनी आम्हाला सोडलं. पूर्व भागात शिरलं की मागांचा आवाज सुरू होतो, खटखट खटखट, घराघरातून. मला वाटलं डोकं उठेल. पण थोड्या वेळाने ऐकूच येईनासा होतो, आमच्याकडे पावसाचं होतं तसं. गल्लीत मांडव अर्धा उभा झालेला होता. दारात बायका गोल करून बसून सकिनालु करत होत्या. तांदळाच्या पिठाची दोरी बोटांनी वळत वळत कापडावर एकात एक गोल कडी घालायची आणि मग तळायची. मी म्हटलं, आमच्याकडे कडबोळी असते. तर एक आजी म्हणाली, "हितं बस, करून बघ." मी बसले, केली, आणि माझी कडी तुटली. सगळ्या हसल्या. मीही हसले. व्यंकटेश मात्र गल्लीतच उभा होता. दोन वर्षांत तो या दारात आला नव्हता.

आतून पद्मा धावत आली. हातभर मेंदी, नळाचं पाणीही लावायचं नाही म्हणून हात वर धरलेले. तिने कोपरांनीच त्याला धरलं आणि आत ओढलं.

नरसय्या काका कपाटापाशी उभे होते. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. जेवण वाढलं, भात आणि अंबाडीची आंबट भाजी, तिला ते पुंटीकुरा म्हणतात. भात बघून मला बरं वाटायला हवं होतं, पण मी तो नुसता चिवडत बसले. काकांचे डोळे लाल दिसत होते. शेवटी त्यांनी ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"ताई, तुमी काल म्हणलं, घरात मीटिंगा घेताव आन् विचारत न्हाव. रात्री माझ्या एकट्याचीच मीटिंग झाली. झोप न्हाय. भावाचा फोन, मेव्हण्याचा फोन. सगळे म्हणतेत हे कर, ते कर. सकाळी म्हणलं, आता विचारावंच."

मग व्यंकटेशकडे वळले. त्याच्याकडे नीट बघत, तेलुगूत नाही, मला कळावं म्हणून मराठीत.

"तुला काय पायजे?"

व्यंकटेश घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. पद्मा मागून म्हणाली, "सांग की!"

"कान पिळायचाय," तो म्हणाला. "भाऊ म्हणून. बस."

काकांनी दाराकडे पाहिलं. दारातल्या बायकांचे हात थांबले होते, पिठाची दोरी तशीच बोटांत. मला वाटलं आता हा माणूस उठून बाहेर जाणार, काल गेला तसा.

ते उठलेच. भिंतीशी एक लाकडी स्टूल होतं ते ओढून व्यंकटेशपुढे ठेवलं, त्यावर बसले, खांद्यावरचा टॉवेल मांडीवर घेतला आणि मान वाकडी करून कान पुढे केला.

"पिळ बघू."

"नान्ना..."

"पिळ. उद्या चार लोकांत घाबरलास तर? आधी करून बघावं."

व्यंकटेशने हात पुढे केला. मागे घेतला. परत पुढे केला. वडलांच्या कानाला त्याने नुसता हात लावला, फुलाला लावावा तसा, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"ह्येनं काय व्हतंय?" काका म्हणाले. "जावई मागावर काम करतोय, त्याच्या कानाला कळायचं पण न्हाय. तिला सांभाळंल काय तो असल्यानं? भाऊ हाईस न तिचा? जोरात पिळ की बे!"

व्यंकटेशने कान धरला आणि पिळला. असा पिळला की काका स्टुलावरून अर्धे उठले, "अय्यो" करून ओरडले, आणि दारातल्या त्या आजींनी पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. पद्मा हसत होती आणि रडत होती, मेंदीचे हात वर धरून. मी तर सरळ रडत होते, लपवायचं कशाला?

माझा हात नकळत पर्समधल्या मोबाइलकडे गेला. सवय! काकांनी ते पाहिलं. लाल झालेला कान चोळत ते म्हणाले, "आत्ताचा नको ताई."

"नाही काका, नाही काढत." मी ओशाळले.

"उद्याचा काढा," ते म्हणाले. "मांडवातला. मोबाइल नीट त्याच्याकडं धरा. भिवंडीवाले येणार न्हाईत म्हणतेत. त्यांना तितनं दिसू दे."

मी बाहेर येऊन चिपळूणला बहिणीला फोन लावला आणि म्हटलं, उद्याही दुकान तूच उघड, मी लग्नाला थांबतेय.